झाईचं हाफ तिकीट

डहाणू, ८ जुलै २०२४

ती. मामींना प्रविणचा नमस्कार.

(भाविनी, सावकाश वाच. मागच्या वेळी घाईघाईत वाचलंस असं तूच गाडीत म्हणालीस. रोज माझ्या एसटीने कॉलेजला येतेस, शेजारच्या आजीचं एवढं काम नीट कर.)

मार्चपासूनचं हे पाचवं पत्र. तुमची लेक निलम गेली, तिच्या बाराव्याला चार माणसांसमोर जे ठरलं ते मी पाळतो आहे. महिन्याला एक पत्र, त्यात नयनची सगळी खबर, आणि नयन पाच वर्षांची होईपर्यंत माझ्याकडे. तोवर तिची आबाळ झाली असं दिसलं तर ती झाईला तुमच्याकडे जाणार. नाही झाली तर पाचनंतरही माझ्याकडेच. हे सगळं मला पाठ आहे. दोन एप्रिलला तिला पाच पूर्ण होतील, म्हणजे अजून नऊ महिने. तुम्ही उत्तर देत नाही, फोन उचलत नाही. ते ठरलेल्यात नव्हतं, त्यामुळे माझी तक्रार नाही.

माझी बहीण संगीता चार महिने राहिली, आता भातलावणीला सासरी गेली. तिला तरी किती धरून ठेवायचं? तिच्या जागी बाई मिळाली आहे. नाव नवशी. तळासरीकडच्या एका पाड्यातली, चाळिशीची, दोन पोरींची लग्नं केलेली. मीही त्याच बाजूचा, त्यामुळे तिचं बोलणं मला कळतं आणि माझं ओरडणं तिला. सकाळी सातला येणार, माझी ड्युटी सुटेपर्यंत थांबणार. मी विचारलं, "रोज येशील ना?" तर म्हणाली, "येईन ना दादा. नाय कशाला येईन?"

नयनचं वजन अंगणवाडीत केलं, चौदा किलो भरलं. खोकला गेला. आईबद्दल विचारते, पण रोज नाही.

त्या दिवशी दारात मी जे बोललो ते बोललो. तुम्हीही बोललात. ते पत्रात आणत नाही.

नयनचे वडील,
प्रविण

डहाणू, ३ सप्टेंबर २०२४

ती. मामींना नमस्कार.

नवशीचं बरं चाललं आहे. बाई स्वच्छ आहे, पोरीवर हात उचलत नाही, मोबाइलात तोंड घालून बसत नाही कारण तिच्याकडे मोबाइलच नाही. आता हा गुण की दोष ते दिवसावर अवलंबून. ती आली नाही तर का आली नाही हे मला तिसऱ्या दिवशी कळतं.

गेल्या आठवड्यात तिचा काका वारला. जुलैत एक वारला होता, नागपंचमीला दुसरा, हा तिसरा. मी चिडून विचारलं, "नवशे, तुला काका आहेत तरी किती?" तर म्हणते, "दादा, पाड्यात जेवढं म्हातारं तेवढं काकाच ना." त्याआधी लावणीचे आठ दिवस गेले. आता नवं भात देवाला दाखवल्याशिवाय पाड्यातून कोणी कामाला बाहेर पडत नाही, ते दोन दिवस पुढे आहेत. मला हे सगळं लहानपणापासून माहीत आहे. माझी आईसुद्धा त्या दिवशी घराबाहेर पडायची नाही. पण ड्युटीच्या चार्टाला हे माहीत नाही.

पण मी निभावतो. काळजी नसावी.

नयनने या महिन्यात तळासरी पाहिली. एसटीने गेली, एसटीने आली. खूश होती. तिथल्या कंट्रोलरने तिला बिस्किटाचा पुडा दिला.

(भाविनी, मामींनी तळासरीबद्दल जास्त विचारलं तर तुला माहीत नाही म्हण. तुला खरंच माहीत नाही. आणि हा कंस मोठ्याने वाचू नकोस.)

नयनचे वडील,
प्रविण

डहाणू, २४ नोव्हेंबर २०२४

ती. मामींना नमस्कार.

दिवाळीत जादा गाड्या होत्या, म्हणून ऑक्टोबरचं पत्र राहिलं. चूक माझी. ठरलेलं मोडलं असं धरू नये.

यावेळी चांगलंच सांगायचं आहे. तुम्ही बाराव्याला म्हणाला होतात ना, की बाप्या माणसाच्या हातात पोरगी म्हणजे डोक्यात उवा आणि फ्रॉकला बटण नाही. आता ऐका. भाऊबीज झाल्यापासून नयन मला कधी कधी अशी दिसते की मी बघतच राहतो. मधोमध भांग, चोपून तेल, दोन घट्ट वेण्या आणि वर अबोलीचा गजरा. वेणी अशी की दुसऱ्या दिवशीपर्यंत सुटत नाही. निलम अशीच वेणी घालायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन मिनिटं मोरीत जाऊन तोंड धुतलं.

नवशीला विचारलं, "हे कुठे शिकलीस?" ती नुसती हसली. एवढ्या दिवसांत मी तिची पहिल्यांदा तारीफ केली, तर लाजली असेल.

आणखी एक. पोरगी मासे ओळखायला लागली आहे. बाजारातून जाताना बोट दाखवून सांगते, हा बोंबील, ही मांदेली, ही मुशी. नवशी डोंगराकडची, तिला एवढे मासे कुठून माहीत देव जाणे. पण शिकवते खरी.

तर मामी, परकी बाई काय सांभाळणार, असं तुमचं म्हणणं होतं. तुम्ही एकदा पाहिली असतीत पोरगी, तर बोलला नसतात. पाहू शकत नाही ते का, ते तुम्हाला आणि मला माहीत आहे.

नयनचे वडील,
प्रविण

डहाणू, ६ जानेवारी २०२५

ती. मामींना नमस्कार.

नयन बरी आहे. वजन पंधरा किलो. मला रजा भरपूर शिल्लक आहे. मेमो वगैरे काही मिळालेला नाही.

नवशीबद्दल थोडी तक्रार आहे, ती लिहितो कारण सगळी खबर द्यायचं ठरलं आहे. एक, ती आली तरी घरात नसते. परवा दुपारी ट्रिप रद्द झाली म्हणून मी अचानक घरी आलो, तर दाराला कुलूप. चार वाजता दोघी डुलत डुलत आल्या. म्हणे बागेत गेलो होतो. डहाणूत कोणती बाग चार तास बघायची? दोन, पोरीच्या अंगाला सुक्या बोंबलाचा वास येतो. मी नवशीला झापलं, "पोरीला घेऊन मासळी बाजारात काय बसतेस?" ती पोरीला मोरीत घेऊन गेली. तीन, नवशीच्या हाताला चिकूचा चीक असतो. काळे डाग, घासून जात नाहीत. विचारलं तर म्हणते, घरी चिकूचं झाड आहे. तिच्या पाड्याला प्यायला पाणी टँकरने येतं आणि हिच्या घरी चिकूचं झाड!

आपल्याकडे चिकूचा चीक वाडीत काम करणाऱ्याच्याच हाताला असतो, ते न कळण्याइतका मी खुळा नाही. निलम घोलवडच्या नर्सरीत होती, तिचे हात मी ओळखतो. पण काढून टाकलं तर दुसरी कुठून आणू? दोन महिने शोधलं तेव्हा ही मिळाली. बाई खोटं बोलते, दांड्या मारते, आणि ती आली नाही की माझं डोकं फिरतं. पण नयन तिला बघून पळत जाते. या एका गोष्टीवर मी बाकी सगळं गिळतो.

रविवारी मी बोंबलाचं कालवण केलं. नयन चुलीजवळ उभी राहून म्हणाली, "बाबा, चिंच आता नाय. उकळी आल्यावर." पाचसुद्धा पूर्ण नाहीत आणि माझ्यावर सुपरवायझर झाली आहे.

नयनचे वडील,
प्रविण

डहाणू, ३ एप्रिल २०२५

मामी,

काल नयनला पाच पूर्ण झाली.

मी रजा काढून दिवसभर घरी बसलो. दाराकडे तोंड करून. तुम्ही चार माणसं घेऊन येणार असं मी धरून चाललो होतो. भांडायची तयारी केली होती, काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. बाराव्याला बसलेल्या माणसांपैकी कोण माझ्या बाजूने बोलेल त्याचाही हिशेब करून ठेवला होता. कोणी आलं नाही. दुपारी केक आणला. नवशी आली नव्हती. केक आम्ही दोघांनी आणि शेजाऱ्यांनी खाल्ला. संध्याकाळ झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. का ते मला सांगता येत नाही.

नयन झाली तेव्हा लॉकडाऊन होता. सगळ्या गाड्या डेपोत उभ्या, म्हणून मी घरी होतो, म्हणून मी दवाखान्यात होतो. तुम्ही झाईहून चालत बोर्डीपर्यंत आला होतात आणि तिथून कोणाच्या तरी टेम्पोत मागे बसून. दवाखान्याबाहेर आपण दोघं एका बाकावर बसलो होतो आणि तुम्ही मला तुमच्या डब्यातली भाकरी दिली होती. काल हे आठवलं, म्हणून लिहिलं.

म्हणजे आता नयन माझ्याकडे राहणार ना? भाविनीजवळ एका शब्दाने कळवा. हो म्हटलं तरी पुरे.

प्रविण

डहाणू, ११ एप्रिल २०२५

विठाबाई (आज मामी म्हणवत नाही),

आज सकाळी नयनचा फ्रॉक धुवायला घेतला. खिशात एसटीचं तिकीट होतं.

दुसऱ्या कोणाला तो कागदाचा तुकडा वाटला असता. मी सतरा वर्षं तिकीट फाडतो आहे. तारीख १० एप्रिल. डहाणू ते झाई. सकाळी आठ पस्तीस. एक महिला, एक हाफ. काल त्या वेळेला मी तळासरीच्या गाडीवर होतो.

झाईला! माझी पोरगी, माझ्या पाठीमागे, माझ्याच डेपोच्या गाडीत बसून झाईला!

नयनला समोर बसवून विचारलं. तिला लपवायचं कोणी शिकवलेलं नाही, सगळं सांगितलं. आजीकडे जाते. आजी वेण्या घालते. आजी बोंबील वाळत घालते तेव्हा ती कावळे हाकते. आजीने तिच्यासाठी छोटी टोपली केली आहे. कधीपासून? "खूप वेळा." मी खूप वेळा म्हणजे किती विचारलं तर दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि मग परत दाखवली.

म्हणजे त्या वेण्या तुमच्या होत्या. आणि मी तुम्हालाच पत्र लिहून त्या वेण्यांचं कौतुक सांगत होतो. तुम्ही बसून ऐकत होतात! झाईत किती हसला असाल सगळे.

भाविनी, तू रोज माझ्या गाडीत बसतेस, पास दाखवतेस, "काका, गर्दी आहे का हो आज?" विचारतेस आणि एक अक्षर बोलली नाहीस. शाब्बास.

नवशी आज आलेलीच नाही. आली की तिला काढणार आहे. आणि उद्यापासून महालक्ष्मीची जत्रा, पंधरा दिवस कोणाला रजा नाही. पोरीला कुठे ठेवू ते तुम्हीच सांगा. नको, सांगू नका.

प्रविण

महालक्ष्मीच्या जत्रेतून, १४ एप्रिल २०२५

ती. मामी,

गाडी जत्रेच्या तळावर उभी आहे, परतीची माणसं भरायला तास आहे. ड्रायव्हर सुनिल समोर झोपला आहे. नयन माझ्या शेजारी सीटवर बसून कलिंगड खाते आहे. हो, गाडीत. खरं लिहायचं ठरवलं आहे, तर तेही लिहितो.

नवशी शनिवारी आली. मी दारातच सुरू झालो. ती उभी राहून ऐकत होती. माझा दम संपला तेव्हा म्हणाली, "झालं का दादा? आता मी सांगते."

तिने सांगितलं ते असं. दिवाळीनंतर एकदा ती नयनला घेऊन स्टँडवर बसली होती. तुम्ही सुक्या मासळीची टोपली घेऊन उतरलात. नयनने तुम्हाला ओळखलं. तुम्ही टोपली खाली ठेवली. नवशी म्हणाली, "आजी रडली नाय दादा. ओरडली नाय. पोरीचा पाय हातात धरून बसली नुसती. गाडी गेली, दुसरी गेली, तरी तशीच. मग मी काय करणार? मीच बोलले, चला आजी, आम्ही पण येतो."

म्हणजे बोलावणारी तुम्ही नव्हतात. हे मला वाटलं होतं त्याच्या उलट निघालं.

बाकीचं तिनेच कबूल केलं. नयनला तुमच्याकडे सोडायची, स्वतः घोलवडला वाडीत चिकू उतरवायला जायची, साडेतीनला येऊन घेऊन जायची. एका दिवसात दोन कामं. "पोरगी आजीजवळ, मग मी मोकळी बसून काय करू?" असं मलाच विचारते! लाज नावाची गोष्ट नाही. मी म्हटलं, "तू मला फसवलंस." ती म्हणाली, "हो. फसवलं."

मग मी तिला विचारलं, की मामींना तू आणखी काय काय सांगितलंस? ती म्हणाली, "सगळं. आजी विचारते, मी सांगते."

म्हणजे तुम्हाला माहीत आहे. ऑगस्टमध्ये नवशी काका मेल्याचा निरोप आला म्हणून दुपारीच निघून गेली, नयनला डेपोच्या विश्रांतीगृहात बसवून, कोणाला न सांगता. पोरगी खेळत खेळत उभ्या गाडीत चढली, मागच्या सीटवर झोपली, आणि गाडी सुटली. तळासरीच्या स्टँडवर झाडूवाल्याला सापडली. मी इथे दीड तास वेड्यासारखा रेल्वे फाटकापर्यंत धावत होतो. "नयनने तळासरी पाहिली" असं मी तुम्हाला लिहिलं, ते हे. डिसेंबरात तिला गाडीत बसवून ड्युटी केली, तपासणीवाल्यांनी पकडलं, मेमो मिळाला. "मेमो मिळालेला नाही" असं लिहिलं, तो हाच. चार दिवस ती शेजाऱ्यांकडे बिनअंघोळीची राहिली. एकदा दुपारी तिला कोणी जेवायला घातलं नाही, तिने कच्चे पोहे खाल्ले. हे मी कुठेच लिहिलं नाही.

हे सगळं तुम्हाला माहीत होतं. बाराव्याला ठरलं होतं की आबाळ झाली तर पोरगी तुमची. तुम्हाला फक्त चार माणसं घेऊन यायचं होतं. दोन एप्रिलला मी दाराकडे बघत बसलो होतो आणि तुमच्याकडे माझ्याविरुद्ध सगळा पुरावा होता. तुम्ही आला नाहीत. मामी, माझा राग तिथेच निवला. काल ड्युटीवर हे पुन्हा आठवलं, तेव्हा मी सुनिलला सांगितलं की जरा थांब आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो.

शनिवारी शेवटी नवशीला त्या तिकिटाचं विचारलं. कारण मला एकच गोष्ट कळत नव्हती. पाच महिने ही पोरीला नेते आहे, एकदाही काही सापडलं नाही. पाचच्या आत तिकीट लागत नाही हे खरं. पण आता पाच होऊन आठच दिवस झाले होते. कोण विचारतं? पोरगी बारीक आहे, चार म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या गाडीवरचा कंडक्टर नवीन, तोही काही बोलला नसता. मग नवशीने, जी मला सकाळ-संध्याकाळ थापा मारते, तिने मागून हाफ तिकीट का घेतलं?

नवशी म्हणाली, "मी कुठे काढणार होते? आजीनेच सांगितलं होतं आधी. म्हणाली, पाच झाली आता तिला. अर्धं तिकीट काढायचं. तिचा बाप कंडक्टर आहे. त्याची पोरगी फुकट बसली असं कोणी बोलता कामा नये."

मी बोललो, "पण तिकीट सापडलं तर मला कळेल, हे आजींना माहीत नव्हतं?"

"मी बोलले ना तसं. आजी म्हणाली, कळलं तर कळलं."

मामी, लग्नाआधी निलम घोलवडहून रोज माझ्या गाडीने यायची. सगळ्या गाडीला माहीत होतं की आमचं काय चाललं आहे, आणि मी रोज तिच्यासमोर उभा राहून तिकीट फाडायचो. तिने घरी तुम्हाला येऊन सांगितलं होतं, असा कसा माणूस, हसतो पण सोडत नाही. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, मग बरा आहे. निलमने मला हे लग्नानंतर सांगितलं. तुम्ही विसरला असाल असं मला वाटायचं.

नवशीला काढलं नाही. काढली तर नयन दोन दिवस जेवणार नाही. आणि खरं सांगायचं तर तिने माझ्यापेक्षा जास्त अक्कल दाखवली. पण एकटीवर सोडता येणार नाही, तिचे काका अजून बरेच शिल्लक आहेत. म्हणून विचारतो. नयन माझ्याकडेच राहील, तेवढं मी सोडणार नाही. पण तुम्ही डहाणूला याल का? आठवड्यातून तीन दिवस, मासळी विकून झाली की घरी. नवशी आली नाही तर तुमच्याकडे तरी पोरगी असेल.

गाडी भरली. घंटी मारतो.

प्रविण

डहाणू, १९ एप्रिल २०२५

ती. मामी,

तुमचा निरोप भाविनीने गाडीत सांगितला. वर्षभरातला पहिलाच, आणि तोही चार शब्दांचा. "उंबऱ्याचं काय ते विचार."

मला वाटलं होतं की मी या म्हटलं म्हणजे ते मिटलं. नाही मिटलं. बरोबर आहे तुमचं.

(भाविनी, हे सगळं मोठ्याने वाच. काही गाळायचं नाही. ओट्यावर आजूबाजूच्या बाया बसल्या असतील तर बसू दे.)

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही फोनवर सांगितलं होतंत की निलमचा ताप साधा नाही, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. मी म्हणालो, सकाळी आल्यावर नेतो. माझी मुक्कामी गाडी होती. बदली माणूस मागता आला असता, मी मागितला नाही, कारण मी कधी मागत नाही. त्या गावात रेंज नव्हती. सकाळी मी आलो तेव्हा काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणालात, "माझ्या पोरीपेक्षा तुला गाडी मोठी." ते खरं होतं, म्हणून मला सहन झालं नाही. बाराव्याला दारात सगळ्यांसमोर मी तुम्हाला म्हणालो, पुन्हा माझ्या घराचा उंबरा चढायचा नाही. जिची पोरगी गेली तिला मी हे म्हणालो.

ते मी परत घेतो. चुकलं. तिकीट एकदा फाडलं की मशीनमध्ये परत जात नाही, तसं हेही जाणार नाही, मला कळतं. पण माझ्या तोंडून निघालं होतं, तर माझ्याच तोंडून परत घेतलं पाहिजे.

सोमवारी साडेदहाची झाई-डहाणू माझी आहे. वर्षभर तुम्ही माझी गाडी आली की पाठ फिरवता आणि टोपली घेऊन मागच्या गाडीसाठी उभ्या राहता. सुनिल दर वेळी आरशातून बघतो आणि मला सांगतो. सोमवारी पाठ फिरवू नका. दाराजवळची पहिली सीट ठेवतो. नयन गाडीत असेल, कारण नवशी सोमवारी येणार नाही. यावेळी आधी सांगून गेली आहे, एवढी प्रगती आहे. मेमो मिळाला तर मिळाला.

स्टँडपासून घर सात मिनिटं. उंबऱ्याची उजवी बाजू थोडी उचलली आहे, सगळ्यांना ठेच लागते. जपून चढा.

नयनचं हाफ मी काढून ठेवतो. तुमचं तुम्हाला काढावं लागेल. सुट्टे पैसे घेऊन या.

तुमचा जावई,
प्रविण